चार चाकांचा जोर आणि बर्फाची वाट

आपल्या महाराष्ट्रात बर्फ पडत नाही. मग बर्फात चालणारी मोटार कशी निवडावी हा विषय आमच्यापुढे कशाला, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. पण आता काळ असा आला आहे की, एखाद्या लहान गावातलेही कुटुंब डिसेंबरच्या सुटीत मनालीला जाते. गावातला एखादा जवान लडाखमध्ये असतो. कोणाचा मुलगा कॅनडात किंवा जर्मनीत नोकरीला असतो, आणि पहिला हिवाळा जवळ आला की तो वडिलांना फोनवर विचारतो, "बाबा, चारही चाकांना जोर असलेली गाडी घेऊ का? बर्फात तीच बरी म्हणतात." वडील काय सांगणार? म्हणून हा विषय. शिवाय या गाडीचे यंत्रशास्त्र परके नाही. जू, खळे आणि चिखलात रुतलेले चाक ज्यांनी पाहिले आहे त्यांना ते चटकन समजेल.

अशा गाडीला इंग्रजीत 'फोर-व्हील ड्राइव्ह' किंवा 'ऑल-व्हील ड्राइव्ह' म्हणतात. साध्या मोटारीत इंजिनाचा जोर दोनच चाकांना मिळतो, पुढच्या तरी नाही तर मागच्या तरी. हिच्यात तो चारही चाकांना मिळतो. जाहिरातीत ती हिमाच्छादित डोंगर सहज चढताना दिसते, आणि पाहणाऱ्याच्या मनात पक्के बसते की या गाडीला बर्फाचे भय नाही. ही समजूत अर्धी खरी आहे. उरलेली अर्धी खोटी आहे, आणि तीच माणसाच्या जिवाशी गाठ घालते. खरे कोणते आणि खोटे कोणते हे आधी पाहू. म्हणजे निवड कशी करावी ते आपोआप कळेल.

आरंभ टायरपासून करू. चालत्या मोटारीचा आणि जमिनीचा संबंध फक्त चार ठिकाणी येतो, आणि प्रत्येक ठिकाणची जागा साधारण तळहाताएवढी. गाडीने पुढे जायचे, थांबायचे किंवा वळायचे, ते सारे या चार तळहातांच्या पकडीवर. ही पकड म्हणजे प्रवासाला बरोबर घेतलेली शिदोरी समजा. ती एकच असते आणि सर्वांनी त्यातूनच खायचे. ब्रेक दाबून सारी पकड थांबण्यात खर्च केली, तर वळण्यासाठी काही उरत नाही. वळताना सारी खर्च केली, तर ब्रेकच्या वाट्याला काही येत नाही.

ही शिदोरी किती मोठी हे रस्ता ठरवतो. शास्त्रात तिला घर्षणांक म्हणतात. कोरड्या डांबरी रस्त्यावर तो सुमारे ०.७ असतो. रस्ता ओला झाला की ०.४ ते ०.५ वर येतो. पडून दबलेल्या हिमावर ०.२ ते ०.३, आणि गोठलेल्या कठीण बर्फावर ०.१, कधी त्याहूनही कमी. आपण हिमाला आणि बर्फाला एकाच नावाने ओळखतो, पण मोटारीच्या दृष्टीने त्या दोन निराळ्या वस्तू आहेत. त्यातही शून्य अंशाच्या आसपासचा, वर पाण्याचा पातळ थर असलेला बर्फ सर्वांत निसरडा. कडाक्याच्या थंडीतला कोरडा बर्फ त्यापेक्षा बरा. थोडे ऊन पडले म्हणून निर्धास्त होऊ नये, ते याचसाठी.

आता चढाचा हिशेब पाहा. पुढच्या दोन चाकांना जोर असलेल्या गाडीत सपाटीवर निम्म्याहून थोडा अधिक भार, समजा शेकडा ६०, पुढच्या चाकांवर असतो. दबलेल्या हिमावर घर्षणांक ०.२ धरला, तर जोराच्या कामी येणारी पकड झाली ०.२ गुणिले ०.६, म्हणजे ०.१२. अशी गाडी साधारण आठास एक एवढा चढ चढेल, आणि त्यापुढे चाके जागच्या जागी फिरू लागतील. चारही चाकांना जोर असेल, तर गाडीचा सगळा भार कामी येतो. पकड पूर्ण ०.२, म्हणजे पाचास एक चढ. हा फायदा निश्चित आहे. हिमात उभी गाडी हलवायची, चढ चढायचा, रुतलेली गाडी बाहेर काढायची, या कामांत चार चाकांची गाडी दोन चाकांच्या गाडीपेक्षा सरसच.

मग सगळ्याच गाड्यांना चारही चाकांचा जोर का देत नाहीत? खर्च आणि वजन ही कारणे आहेतच. पण मुख्य अडचण वळणाची. मळणीच्या वेळी तिवड्याभोवती फिरणारी बैलांची पात आठवा. तिवड्याजवळचा बैल लहान पावले टाकतो, आणि कडेच्या बैलाला तेवढ्याच वेळात कितीतरी जास्त चालावे लागते. वळणावर मोटारीच्या चाकांचेही तेच होते. आतले चाक कमी अंतर जाते, बाहेरचे जास्त. आणि पुढच्या व मागच्या जोडीचे अंतरही सारखे नसते. चाके एकाच ताठ दांड्याने जखडली तर वळताना ती एकमेकांशी भांडतील. म्हणून दोन चाकांच्या मधे 'डिफरेन्शियल' नावाची दातेरी चक्रांची पेटी बसवतात. ती दोन्ही चाकांना सारखा जोर देते, पण कमीजास्त वेगाने फिरण्याची मुभा ठेवते.

या पेटीत एक खोड असते. तिचे वागणे बैलांच्या जुवासारखे आहे. एका बैलाने अंग चोरले की जू तिरपे होते, आणि दुसरा बैल कितीही दांडगा असला तरी त्याचा जोर वाया जातो. एक चाक बर्फावर आणि दुसरे कोरड्या मातीवर असेल तर असेच घडते. बर्फावरचे चाक गरगर फिरते, मातीवरचे स्वस्थ उभे राहते. यावर उपाय दोन. एक म्हणजे जू तिरपे होऊच नये असे ते बांधून टाकायचे. याला 'डिफरेन्शियल लॉक' म्हणतात. दुसरा अलीकडचा. फिरणाऱ्या चाकालाच गाडी आपोआप हलका ब्रेक लावते, आणि मग जोर दुसऱ्या चाकाकडे वळतो. गाडी घेताना या दोहोंपैकी काय आहे ते विचारावे. नुसते 'फोर बाय फोर' असे अक्षर मागे लिहिलेले पाहून समाधान मानू नये.

चारही चाकांना जोर पोचवण्याच्या तऱ्हा प्रामुख्याने चार आहेत. पहिली जीपची. दुसऱ्या महायुद्धात १९४१ पासून अमेरिकेने ही गाडी मोठ्या संख्येने बनवली, आणि १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रांनी मुंबईत तिची जोडणी सुरू केली. खेड्यापाड्यांत ती सर्वांच्या परिचयाची झाली. आज नाशिकला तयार होणारी 'थार' तिच्याच वंशातली. या तऱ्हेत एरवी मागची दोनच चाके ओढतात, आणि गरज पडली की चालक एक दांडा टाकून पुढची चाकेही जोडतो. पुढच्या व मागच्या जोडीत डिफरेन्शियल नसते, ती एकमेकींना जखडली जातात. म्हणून चिखलात, वाळूत, हिमात हा दांडा टाकावा. कोरड्या डांबरी रस्त्यावर मात्र टाकू नये. तेथे वळताना गाडी अडखळते, टायर घासतात आणि यंत्रावर नाहक ताण येतो.

दुसऱ्या तऱ्हेत चारही चाके सदैव ओढतात, आणि पुढच्या-मागच्या जोडीत एक तिसरे डिफरेन्शियल असते. हॅरी फर्ग्युसन हे नाव ट्रॅक्टरमुळे शेतकऱ्यांच्या ओळखीचे आहे. त्यांच्याच संशोधन-संस्थेने ही रचना रस्त्यावरच्या मोटारीसाठी तयार केली, आणि १९६६ साली ती इंग्लंडच्या 'जेन्सन एफएफ' या गाडीत आली. ती गाडी महाग होती आणि थोडकीच खपली. जपानमध्ये सुबारूने १९७२ साली 'लिओन' ही चारही चाकांना जोर देता येणारी साधी, घरगुती वापराची गाडी विक्रीस आणली. तिच्यामागची निकड हिमाच्या मुलखातलीच. ईशान्य जपानमधल्या वीज कंपनीच्या माणसांना हिवाळ्यात डोंगरातल्या तारांची देखभाल करायला जावे लागे, आणि जीपपेक्षा उबदार, आरामशीर गाडी त्यांना हवी होती.

जर्मनीची आउडी कंपनी या वाटेने जरा उशिरा आली. १९७६-७७ च्या हिवाळ्यात फिनलंडमध्ये चाचणी चालली असता तिच्या अभियंत्यांना दिसले की, 'इल्टिस' नावाचे कमी ताकदीचे लष्करी वाहन हिमावर आपल्या दमदार मोटारींना मागे टाकते आहे. त्यातून 'क्वात्रो' जन्मली. १९७८ च्या जानेवारीत तिचा नमुना ऑस्ट्रियातल्या तुराखर ह्योहे या घाटात शेकडा २३ चा चढ उन्हाळी टायरांवर चढला. त्या नमुन्यात मधले डिफरेन्शियल नव्हते, आणि अरुंद जागेत वळवताना गाडी उसळे. ते बसवल्यावर १९८० साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात ती जगापुढे आली.

तिसरी तऱ्हा आज सर्वांत जास्त दिसते. एरवी पुढची चाके ओढतात; ती घसरू लागली की मधला क्लच आपोआप आवळला जातो, आणि मागच्या चाकांना जोर मिळतो. शहरात राहून अधूनमधून हिमात जाणाऱ्याला ही पुरते. चौथी तऱ्हा विजेच्या गाड्यांची. पुढे एक मोटर, मागे एक मोटर, मधे दांडाच नाही.

एवढे झाले खऱ्या अर्ध्याचे. आता उरलेल्या अर्ध्याकडे या. जोर दोन चाकांना असो की चारांना, ब्रेक मात्र प्रत्येक मोटारीला चारही चाकांना असतातच! मग थांबण्याच्या बाबतीत या महागड्या गाडीने जास्तीचे काय दिले? काहीच नाही. वळणाचेही तसेच. ३० मीटर त्रिज्येचे वळण कोरड्या रस्त्यावर ताशी ५० किलोमीटरने जेमतेम घेता येते. घर्षणांक ०.२ असलेल्या हिमावर ही मर्यादा २७ किलोमीटरवर येते, आणि कठीण बर्फावर १९ वर. त्याहून वेगाने गेलात तर गाडी रस्ता सोडते, मग तिच्यामागे कोणतेही अक्षर लिहिलेले असो.

शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात जरूर करून दाखवावा. एक गुळगुळीत फळी घ्या आणि तिच्यावर डस्टर ठेवा. फळीचे एक टोक हळूहळू उचला. ज्या उतारावर डस्टर घसरू लागेल तेथे थांबा, आणि टोकाची उंची भागिले पायथ्याचे आडवे अंतर असा भागाकार करा. तोच घर्षणांक. ५० सेंटिमीटरांत २० सेंटिमीटर उंची आली तर घर्षणांक ०.४. मग फळीला साबणाचे पाणी लावून पुन्हा पाहा. डस्टर कितीतरी आधी घसरेल. हा डस्टर म्हणजे ब्रेक करकचून दाबलेली मोटारच होय. उताराने घर्षणांक ओलांडला की तिला कोणी थांबवू शकत नाही.

आता मघाचा हिशेब याला जोडा. घर्षणांक ०.२ असलेल्या हिमावर चार चाकांची गाडी पाचास एक चढ जेमतेम चढते. तोच चढ परतताना उतार होतो. उतार पाचास एक, घर्षणांकही ०.२. म्हणजे साऱ्या पकडीचा खर्च गाडीला जागेवर धरून ठेवण्यातच झाला, वेग कमी करायला काही शिल्लक नाही. ब्रेक दाबला तरी गाडी आहे त्याच वेगाने खाली जाणार. दोन चाकांची साधी गाडी पायथ्याशीच घसरू लागते आणि पुढे जायला नकार देते. आपल्याला तिचा राग येतो; पण तो नकार म्हणजे रस्त्याने दिलेली सूचना असते. चार चाकांच्या गाडीला ही सूचना फार उशिरा मिळते, तीही उतरताना.

मनालीच्या वर हे प्रत्यक्ष दिसते. ३ ऑक्टोबर २०२० रोजी ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा खुला झाला, आणि हिवाळ्यातही लाहौलकडे जाण्याची वाट मिळाली. बोगद्याचे तोंड समुद्रसपाटीपासून ३,००० मीटरहून उंच आहे. तेथून सोलंगकडे उतरणाऱ्या रस्त्यावर दुपारचे पाणी रात्री गोठते, आणि सकाळी सावलीतल्या वळणावर पारदर्शक बर्फाचा थर असतो. खाली काळे डांबर दिसते, म्हणून त्याला 'ब्लॅक आइस' म्हणतात. चालकाला वाटते रस्ता नुसता ओला आहे. डिसेंबर २०२४ मध्ये हिमवर्षाव झाला तेव्हा या पट्ट्यात शेकडो वाहने अडकली. हिम पडल्यावर तेथील पोलीस बहुधा चार चाकांच्या गाड्यांनाच वर सोडतात. तो नियम योग्यच आहे. पण वर सोडले म्हणजे खाली सुखरूप येण्याची हमी मिळाली, असा त्याचा अर्थ कोणी करू नये.

मग थांबण्याची आणि वळण्याची शिदोरी वाढवायची कशी? उत्तर एकच, टायर. साध्या टायरचे रबर ७ अंश सेल्सिअसच्या खाली कडक होऊ लागते. हिवाळी टायरचे रबर थंडीतही मऊ राहते, आणि त्याच्या नक्षीत असंख्य बारीक चिरा असतात. त्यांच्या कडा हिमात रुततात. डोंगराची तीन शिखरे आणि त्यांत हिमकण असे चित्र टायरच्या बाजूवर असेल तर तो हिमावर पारखलेला टायर समजावा. असा टायर दबलेल्या हिमावर घर्षणांक ०.३ च्या घरात नेतो, तर साधा टायर ०.२ किंवा त्याखालीच राहतो. ताशी ५० किलोमीटर वेगाने येणाऱ्या गाडीने ब्रेक लावला तर ०.७ वर ती सुमारे १४ मीटरांत थांबते, ०.३ वर ३३ मीटरांत, ०.२ वर ४९ मीटरांत आणि ०.१ वर ९८ मीटरांत. ब्रेकवर पाय जायला लागणारा वेळ यात धरलेला नाही.

आता दोन गाड्या समोरासमोर ठेवा. एक साधी, दोन चाकांना जोर, पण हिवाळी टायरांची. दुसरी चारही चाकांना जोर, पण साध्या टायरांची. चढताना पहिलीची पकड ०.३ गुणिले ०.६, म्हणजे ०.१८, दुसरीची ०.२. फरक नावापुरता. पण थांबताना पहिली १६ मीटर आधी उभी राहते. रस्त्यात मूल आडवे आले तर या १६ मीटरांचे मोल कोणत्या पैशांत करणार? म्हणूनच जर्मनीत हिवाळी रस्त्यावर असे टायर कायद्याने सक्तीचे आहेत. कॅनडाच्या क्युबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च ही सक्ती असते. चार चाकांची गाडी आहे म्हणून कोणाला तीत सूट नाही.

पावसाचे थोडक्यात सांगतो, कारण तो आपल्या घरचा आहे. पक्क्या रस्त्यावर पाऊस कितीही पडला तरी शाबूत नक्षीचे टायर आणि बेताचा वेग असला की दोन चाकांची गाडी पुरते. साचलेल्या पाण्यात वेगाने गेले की टायरखाली पाण्याची गादी तयार होते आणि गाडी तरंगू लागते. चांगल्या टायरलाही ताशी ८०-९० किलोमीटरच्या आसपास हे भय असते, झिजलेल्याला त्याआधीच. तेथे चारही चाके पाण्यावरच, मग जोर कोणाला देणार? नक्षी १.६ मिलिमीटरवर आली की टायर कायद्याने बाद होतो. पावसाळ्याच्या तोंडावर त्याआधीच बदललेला बरा. काळ्या रानातल्या पाणंदीने रोज जाणाऱ्याला मात्र जीपच्या तऱ्हेची उंच गाडी खरोखर उपयोगी पडते. पण चिखलाने नक्षी भरून गेली की तीही रुततेच.

तर निवड कशी करावी? पहिला प्रश्न असा, वर्षातले किती दिवस हिमात जायचे आणि तेथे चढ किती. सुटीत एकदा मनाली पाहायची असेल तर गाडी विकत घेऊ नये. तेथील वाट जाणणाऱ्या स्थानिक चालकाची गाडी ठरवावी. परदेशी राहणाऱ्याचे शहर सपाट असेल आणि रस्ते रोज साफ होत असतील, तर साधी गाडी आणि हिवाळी टायरांचा संच पुरे. घर चढावर, रस्ता गल्लीतला, आणि पहाटे हिम उपसण्याआधीच कामावर निघायचे असेल, तर चार चाकांचा जोर घ्यावा. पण हिवाळी टायरांचे पैसे आधी बाजूला काढून, उरलेल्यातून. ब्रेक लावताना चाक अडकू न देणारी एबीएस आणि घसरती गाडी सावरणारी ईएससी या दोन योजना गाडीत हव्यातच. चार चाकांच्या गाडीचे चारही टायर एकाच मापाचे आणि सारख्या झिजेचे ठेवावे लागतात, नाही तर मधल्या यंत्रणेवर ताण येतो. हा खर्चही आधीच धरावा. डोंगरात जायचे तर साखळ्या बरोबर असाव्यात. त्या कोणत्या चाकांना लावायच्या हे गाडीच्या पुस्तिकेत पाहून, घरच्या अंगणात एकदा लावून पाहावे. बोटे गारठल्यावर शिकायची ती गोष्ट नव्हे.

आणि गाडी कोणतीही असो, उतरताना गिअर खालचा ठेवावा म्हणजे इंजिनच गाडीला मागे ओढते. ज्या गाडीत 'लो' गिअर आहे तिला या कामी थोडा फायदा मिळतो, हे मान्य केले पाहिजे. पण टायरच्या पकडीपलीकडे तोही जात नाही. ब्रेक हलके लावावेत, पुढच्या गाडीपासून एरवीपेक्षा कितीतरी अधिक अंतर ठेवावे, स्टिअरिंगला हिसका देऊ नये.

तेव्हा परदेशातून मुलाचा फोन आला तर त्याला सांगावे, "गाडी चढते किती हे दुकानदार सांगेलच. ती थांबते किती अंतरात हे तू विचार, आणि आधी टायर पाहा." मोटारीची ही पारख बैल घेण्यासारखीच आहे. ओढायला दांडगा असलेला बैल सर्वांनाच आवडतो. पण घाट उतरताना भरलेली गाडी जो अंगावर तोलून धरतो, त्यालाच जाणता शेतकरी दोन पैसे जास्त मोजतो.